इस्त्रीखान्यातली खाज

"खरूज निघाली तर आजच कामावरून काढून टाकतो तिला," मॅनेजर फोनवर म्हणाला होता. "बाकीच्या बायका काम टाकून बसल्यात."

दवाखान्यातली सिस्टर लाँड्रीत पोहोचली तेव्हा वाफेच्या इस्त्र्या खरंच बंद होत्या. बावीस वर्षं तिथे लोकांचे शर्ट इस्त्री करणारी मावशी पडद्यामागे चादर गुंडाळून एकटी बसली होती. मांडीवरची पिशवी तिने घट्ट धरली होती. इतक्या वर्षांच्या सोबतिणींनी असं अंग काढून घ्यावं, याचं सिस्टरला वाईट वाटलं.

"कधीपासून खाजतंय?"

"दोन महिने झाले."

"घरी आणखी कुणाला?"

"घरी कोणी नाही आता."

"बोटांच्या बेचक्यात?"

"नाही. फक्त काखेत. इस्त्रीपाशी घाम आला की जीव नकोसा होतो."

"आणि रविवारी?"

"सुट्टीला बरं असतं."

"रविवारी काय थंडी पडते?"

मावशी हसली नाही. सिस्टरने काख पाहिली. मधला खळगा स्वच्छ होता, लाली फक्त कडेकडेने.

"काखेत स्प्रे, पावडर काही मारता?"

"नाही हो."

मग सिस्टरने मावशीचा कामावरचा पांढरा कोट मागवला. काखेपाशी, आतल्या बाजूने, फिकट निळे डाग होते.

"सगळ्यांचे कोट इथेच धुतात ना?" तिने मॅनेजरला विचारलं.

"हो. हीच हल्ली आपला घरी नेते."

सिस्टरने त्याला बाहेर घालवलं आणि पडदा ओढला.

"खरूज असती तर बोटांत दिसली असती. स्प्रे किंवा बुरशी असती तर बहुधा खळगाच लाल झाला असता. तुमच्याकडे जिथे कापड घासतं तिथेच आग आहे. पण पांढऱ्या कोटाला रंग कुठला? कोटाखाली तुम्ही काहीतरी निळं घालता, नवं, एकदाही न धुतलेलं. घामाने आणि गरमीने त्याचा रंग अंगाला लागतो. रविवारी ते घालत नाही, म्हणून बरं वाटतं. गुन्हेगार त्या पिशवीत आहे, मावशी."

मावशीने हळूच गडद निळा शर्ट बाहेर काढला. पुरुषाचा होता.

"मुलाचा. नोकरीच्या पहिल्या दिवसासाठी घेतलेला. त्याच्या चार दिवस आधीच अपघातात गेला तो. म्हटलं, शर्ट तरी रोज कामावर जाऊ दे."

"नवा गडद कपडा आधी भिजवायचा, हे तुम्हाला मी सांगायचं?"

"धुतला की जुना होतो, सिस्टर. जुना म्हणजे कुणीतरी घातलेला. त्याने तर घातलाच नाही."

सिस्टरने शर्टाची घडी घालून पिशवीवर ठेवली. ती म्हणाली, "आता धुतला तरी अंगात घालू नका."

बाहेर येऊन तिने सगळ्यांना एवढंच सांगितलं, की हे कुणाला लागत नाही, नव्या कापडाच्या रंगाने झालंय. बायका माना खाली घालून उठल्या.

मावशीने शर्ट बादलीत बुडवला. तिसऱ्या पाण्यापर्यंत निळं येत राहिलं. वाळल्यावर तिने त्याला इस्त्री केली. शेजारच्या इस्त्रीवरच्या बाईने बाही धरली.

लाँड्रीत प्रत्येक कपड्याला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी लागते. मावशीने मुलाचं नाव लिहिलं आणि शर्ट न्यायला तयार असलेल्या कपड्यांच्या दांडीवर अडकवला.