आधी आडोसा, मग पट्टा

तत्पर नापास झाला होता आणि शाल्मलीला त्याचं कारणच कळत नव्हतं.

लुटूपुटूच्या गोळीबारात एक शिपाई मांडीला लाल रंग फासून उघड्या मैदानात पडला होता. तत्पर हा यंत्रमानव धावत गेला, शेजारी बसला आणि नम्रपणे म्हणाला, "केसपेपर काढलाय का?" मग तो शांतपणे नाडी मोजू लागला. तेवढ्यात परीक्षक मेजर थोरव्यांनी शिट्टी फुंकली. "झालं! दोघंही गेले!"

आता चार वाजता शेवटची संधी होती. पास झाला, तरच तत्पर उद्याच्या हेलिकॉप्टरनं बर्फातल्या ठाण्यावर जाणार होता. शाल्मलीचे बाबा तिथेच होते आणि ठाण्यावर डॉक्टर नव्हता.

"आजोबा, नाडी बघणं चूक आहे का?"

"चूक नाही गं. चाळीस वर्षं इस्पितळात मी तेच केलं, याला तेच शिकवलं. पण इस्पितळात डॉक्टरवर कोणी बंदूक रोखत नाही."

"म्हणजे तत्परलाच गोळी लागली, तर जखमी दोन आणि डॉक्टर शून्य!"

"शाबास! म्हणून आधी आडोसा. आता हे बघ." आजोबांनी दुधाच्या पिशवीला कात्रीनं भोक पाडलं. शाल्मलीनं झटकन अंगठा दाबला.

"अगं, आधी दूध किती उरलंय ते मोज की!"

"मोजेपर्यंत संपेल ना!"

"मांडीतली रोहिणी (हृदयाकडून रक्त नेणारी नळी) तुटली, तर माणूस काही मिनिटांत दगावतो. म्हणून आधी टूर्निकेट (जखमेच्या वर करकचून आवळायचा पट्टा). मग श्वासाची वाट मोकळी आहे का, छातीला जखम आहे का, ते बघायचं. शेवटी ऊब, कारण अंग गार पडलं की रक्त नीट गोठत नाही."

दुपारभर दोघांनी तत्परला हा क्रम नव्याने शिकवला.

चार वाजता तत्परनं आधी धुराचा पडदा उभा केला. "सरपटता येतंय का?" तो ओरडला. शिपायानं मान हलवली, नाही. तत्परनं त्याला खडकामागे ओढलं, पट्टा आवळला.

"अरे, दुखतंय!"

"दुखणारच," तत्पर म्हणाला आणि पट्ट्यावर वेळ लिहिली. पट्टा फार वेळ राहिला तर पायाला इजा होते, म्हणून पुढच्या डॉक्टरला ती कळायलाच हवी.

मेजर वही घेऊन जवळ आले, ते नेमके उघड्यावर उभे राहिले. तत्परनं त्यांना कमरेच्या पट्ट्याला धरून खाली खेचलं.

"अरे, मी परीक्षक आहे!"

"असाल साहेब. गोळीला कुठे ठाऊक?"

चिखलात आडवे झालेले मेजर खो खो हसले आणि तिथेच त्यांनी वहीत लिहिलं, 'पास'.

हेलिकॉप्टरनं पाठवायच्या पेटीत तत्परला ठेवताना शाल्मली थबकली. "आजोबा, पोटात आतल्या आत रक्त वाहिलं, तर हा पट्टा कुठे बांधेल?"

"तिथे पट्टा चालत नाही. ऑपरेशनच लागतं. ठाण्यावर असं रक्त थांबवायची युक्ती अजून सापडलेली नाही."

"अजून म्हणजे किती वर्षं?"

आजोबांनी पेटीचं झाकण लावलं. "तू डॉक्टर व्हायला किती लावतेस, त्यावर आहे."