पाचवी सवाष्ण

शिवानी, बस अशी जवळ. समई आत्ताच लावलीय, ज्योत जरा स्थिर होऊ दे. दर वर्षी मी पाच सवाष्णी बोलावून पाट मात्र सहा का मांडते, असं तू मघाशी विचारलंस ना? सांगते.

नवस मी आयुष्यात पुष्कळ केले. श्रिया पोटात होती तेव्हा केला, ह्यांच्या व्हिसासाठीसुद्धा केला. पण सहा वर्षांपूर्वीचा एक नवस अगदी परक्या माणसासाठी होता. ह्याच चोविसाव्या मजल्यावर, समोरच्या फ्लॅटमध्ये, लिसार्दो नावाचे स्पॅनिश चित्रकार राहायचे. वय अठ्ठ्याहत्तर. सात वर्षांत त्यांनी ब्रश हातात धरला नव्हता. मी महालक्ष्मीला म्हटलं, आई, ह्यांच्या हातात ब्रश येऊ दे, मार्गशीर्षातले सगळे गुरुवार करीन, शेवटी पाच सवाष्णींची ओटी भरीन.

शेजारची मरियमबी हसली होती. "अगो, तुझ्या देवीला स्पेनचा माणूस चालतो काय?"

"तिच्या दारात व्हिसा लागत नाही," मी म्हटलं.

"मग इन्शाल्ला होईल. माझ्याकडूनही दुवा."

लिसार्दोंना मी बाबा म्हणायची, दुपारचा डबा द्यायची. त्यांचं इंग्रजी तोडकंमोडकं, माझंही तसलंच, म्हणून आमचं छान जमायचं. स्पेनच्या उत्तरेकडच्या समुद्रावरच्या लहानशा गावात, एका मच्छीमाराच्या घरी ते जन्मले. नवव्या वर्षापासून होड्यांवर नावं रंगवायचे. पुढे माद्रिदला गेले, चित्रशाळेतली फरशी पुसून तिथेच झोपायचे आणि पहाटे उरलेल्या रंगांनी चित्रं काढायचे. मग माणसांचे चेहरे काढून काढून नाव झालं, देशोदेशी प्रदर्शनं झाली. त्यांची एक रीत होती. चेहऱ्यात डोळे सगळ्यात शेवटी काढायचे. डोळे झाले की मगच सही.

इथे आखातात आले ते एका हॉटेलची भिंत रंगवायला. वाळवंटातल्या भिंतीवर त्यांनी आपल्या गावचा समुद्र काढला. सोबत बायको होती, अमालिया. त्या भिंतीचं काम संपल्यावर त्यांनी तिचं चित्र काढायला घेतलं. डोळे तेवढे राहिले होते, आणि ती गेली. चित्रावर कापड पडलं ते पडलंच.

"फोटो बघून काढा की, बाबा," मी एकदा म्हटलं.

"फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघते, सेन्योरा. माझ्याकडे नाही." मग हळूच म्हणाले, "होड्यांचे रंग मला अजून आठवतात. सगळ्या होड्यांचे. तिचे डोळे मात्र आता... विसरत चाललोय."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. आणखी थोडे महिने, मग तिचा चेहराही आठवणीतून जाईल. म्हणून तो नवस.

शेवटचा गुरुवार उजाडला. संध्याकाळी चौघी आल्या, पाचवी तिकडे लांब हमरियाहून यायची होती. तिचा फोन आला, मुलाला ताप भरलाय. माझा जीव खाली-वर. एवढे गुरुवार केले आणि उद्यापन चौघींवर अडणार?

श्रिया म्हणाली, "आई, फोर इज फाइन! गॉड विल ॲडजस्ट."

"देव करील गं ॲडजस्ट, मला नाही करता येत."

ओटीचं ताट तसंच उचललं. म्हटलं, आधी बाबांना पुरणपोळी देऊ, मग मजल्यावर कुणी सवाष्ण भेटते का बघू. चष्मा देवापाशीच राहिला. मगरिबची, तिन्हीसांजेची बांग नुकतीच संपली होती. कॉरिडॉरमध्ये आले आणि वास आला... जवसाच्या तेलाचा. माझी आई जवसाची चटणी कुटायची, हुबेहूब तसा. ऑइल रंगात तेच तेल असतं, हे मला नंतर कळलं. पण त्या घरात सात वर्षांत एक ट्यूबही उघडली नव्हती.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत दिवा नाही. खिडकीतून तलावापलीकडच्या टॉवर्सचा उजेड, तोही करडा. आणि खिडकीजवळच्या खुर्चीत एक बाई बसलेली.

मला भीती वाटली नाही, शिवानी. आनंदच झाला! म्हटलं, अमालियाच्या माहेरचं कुणीतरी आलंय स्पेनहून. बोटात अंगठी दिसली. झालं, पाचवी सवाष्ण मिळाली. मी वाकून हळद लावली, कुंकू लावलं. कपाळ कोमट होतं, आणि जरासं... चिकट. मांडीवर ओटी भरली : तांदूळ, नारळ, जांभळ्या काठाचा हिरवा खण. तिने डोळे उचलून बघितलं. मधाच्या रंगाचे डोळे. डाव्या डोळ्यात खालच्या बाजूला तिळाएवढा काळा ठिपका.

"कुणाशी बोलताय, सेन्योरा?"

बाबा आतल्या खोलीतून आले. दिवा लागला. खुर्ची रिकामी होती.

मी कसंबसं म्हटलं, "बाई होती... मधासारखे डोळे... डाव्यात तीळ..."

ते खुर्चीचा हात धरून खाली बसले. "तीळ," म्हणाले. "फार जवळ गेल्याशिवाय दिसायचा नाही. फोटोत कधी आलाच नाही. आणि मी... मी तो विसरलो होतो."

मग उठले आणि खुर्चीमागच्या चित्रावरचं कापड ओढलं. डोळे नसलेला चेहरा. आणि कपाळावर हळद-कुंकू. ताजं. त्या चित्राला मी हात लावला नव्हता, शपथ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मरियमबीने दार वाजवलं. "कमलिनी, ये लवकर! म्हातारा रंग कालवतोय!"

चार दिवसांत डोळे झाले. कुंकू त्यांनी पुसलं नाही. सही केली आणि पोरासारखे रडले. पुढे गावी परत गेले. तिथे अजून होड्या रंगवतात. नावं विसरतात, पण रंगवतात. चित्र त्यांच्या गावच्या चर्चपलीकडच्या चित्रदालनात लावलंय.

ओटीचं सामान मात्र सापडलं नाही. मी आणि मरियमबीने सोफ्याखालीसुद्धा बघितलं. तांदळाचा दाणा नाही.

मागच्या महिन्यात बाबांनी चित्राचा नवा फोटो पाठवला. श्रियाने तो मोठा करून दाखवला. अमालियाच्या मांडीवर दोन्ही हात आहेत ना, पूर्वी ते रिकामे होते. आता त्यांच्याखालून बोटभर जांभळा काठ दिसतो. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "मी फक्त डोळे काढले, सेन्योरा."

म्हणून म्हणते, ह्या मार्गशीर्षात तूही एक नवस कर, पण स्वतःसाठी नको, कुणातरी परक्यासाठी कर. शेवटच्या गुरुवारी माझ्यासारखा एक पाट जास्त मांड. तिन्हीसांजेला त्यावर कुणी येऊन बसलं तर घाबरू नकोस. कुंकू लाव, ओटी भर. दिवा मात्र लगेच लावू नकोस गं... तिला जरा बघू दे.