ओंडक्यातलं अर्धं घर

"फुलांची लग्नं लावतेस की काय?"

कुंपणापलीकडे मोटारसायकल थांबवून एक अनोळखी मुलगा विचारत होता. मी भोपळ्याच्या वेलात वाकलेली, हातात नर फूल, केसांत पालापाचोळा... नेमकं अशाच वेळी कुणीतरी देखणं यायचं!

"मधमाश्यांनी लावली असती. त्या मेल्या म्हणून मी," मी म्हटलं. "हसून झालं असेल तर मदत कर. ऊन चढलं की फुलं मिटतात."

तो खरंच आत आला. दोन फुलं तोडून ऐटीत एकमेकांवर टेकवली.

"अरे, दोघंही नवरदेव आहेत. मादीच्या मागं बघ, इवलासा भोपळा असतो."

तो कानापर्यंत लाल झाला. मी तिथंच फसले.

त्याचं नाव रुसेल. मग तो रोज पहाटे येऊ लागला. एकाच फुलावर दोघांची बोटं टेकायची, आणि फूल राहायचं बाजूला.

एकदा त्याला आमचा मधमाश्यांचा उरलेला एकुलता ओंडका दाखवला. आम्ही युकातानची माया जमातीची माणसं पिढ्यान्‌पिढ्या या माश्या पोकळ ओंडक्यात सांभाळत आलो. डंख नाही, पण भोकाच्या तोंडाशी एक पहारेकरीण सदा उभी. ह्या आणि रानातल्या त्यांच्या बहिणी, यांच्याच जिवावर आमची मिरची, टोमॅटो, भोपळा. मला त्यांचं फार कौतुक आहे.

"बाकीच्या कशानं गेल्या?" त्यानं विचारलं.

"सोयाबीनवाल्यांनी रान तोडलं. एकच पीक, नजर पोचेल तिथवर. माशीनं खायचं काय? वर फवारणी... वारा इकडंच येतो."

त्यानं नजर चुकवली आणि हातातली किल्ली उगाच फिरवू लागला.

"रुसेल, तू काम कुठं करतोस?"

"फवारणीचा ट्रॅक्टर... मीच चालवतो."

मी त्याला फाटक दाखवलं. रडले ती नंतर.

काही दिवसांनी संध्याकाळी तो फाटकाबाहेरच उभा होता. "उद्या फवारणी आहे. ओंडक्याचं तोंड ओल्या कापडानं झाक." एवढंच बोलून गेला. पुढं प्रत्येक फवारणीआधी तो असाच यायचा. माझ्या माश्या जगल्या. आणि मी... फवारणीची वाट बघायला लागले, काय सांगू!

पाऊस संपला तेव्हा तो आला खांद्यावर कोरलेला ओंडका घेऊन. आई अंगणात भोपळ्याच्या बिया सोलत होती.

"दोन्या कार्मिता," तो आईला मानानं म्हणाला, "फवारणीची खबर देतो म्हणून मुकादमानं हाकललं. आता माश्या पाळीन म्हणतो. ह्यात तुमच्या माश्यांचं अर्धं घर द्याल?"

"आता फवारणीचं कोण सांगणार?" आईनं विचारलं.

"ट्रॅक्टरवर चुलतभाऊ आहे. त्याला सांगून ठेवलंय."

"आमच्या माश्या घरच्या माणसालाच देतो, पोरा."

"तेच... विचारायला आलोय."

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी ओंडक्याकडं.

"वाकडा कोरलाय," मी म्हटलं.

"शिकेन."

"आणि घर विभागलं की नवा ओंडका जुन्याच्याच जागी ठेवतात. बाहेर गेलेल्या माश्या तिथंच परत येतात. तुला नेता यायचा नाही."

"मग?"

"मग तुलाच इथं राहावं लागेल."

आई बिया सोलतच म्हणाली, "पहाटे उठतोस ना? भोपळ्याला फुलं फार आलीत."

मी ओंडक्याचं दुसरं टोक धरलं.