फळीवरचे बूट

किल्ली परत द्यायची, एवढंच काम होतं. दोन हजार सहाचा नोव्हेंबर, दुपारची वेळ. मी आर्किटेक्ट. समुद्राकाठच्या एका खेड्यातल्या जुन्या लुथरन चर्चचं मोजमाप माझ्याकडे होतं. नॉर्वेच्या लाकूडव्यापाऱ्यांनी जोडणीसाठी आकडे कोरलेले ओंडके जहाजातून आणून ते उभारलेलं. छत उपड्या होडीसारखं, मधोमध टांगलेलं छोटं जहाज, आणि सगळीकडे डांबराचा वास. ते काम आता मी सोडत होते. यतीन, माझा नवरा, अकरा दिवस रीडिंग शहरातल्या हॉस्पिटलात बेशुद्ध होता.

पडवीत, दाराशेजारच्या फळीवर जुनाट बुटांची रांग होती. चर्च सांभाळणाऱ्या कारिनबाईंना मी सहज विचारलं.

"खलाशी समुद्रावर निघताना जमिनीवरचे बूट इथं ठेवायचे. परतले की घालायचे," त्या हळूच म्हणाल्या. "हे... न परतलेल्यांचे."

पाच मिनिटं आत बसते म्हटलं, तशा त्या घरी गेल्या. देवाचं दार दिसलं की माझे पाय आपसूक बुटांतून बाहेर येतात. खाली ओल होती, म्हणून बूट उचलून फळीवर ठेवले. इतकी कशी मी मूर्ख!

आत हात जोडले. येशू काय, गणपती काय, मला त्या दिवशी कुणीही चाललं असतं. "त्याला परत पाठव रे," म्हटलं आणि ढसाढसा रडले.

तेवढ्यात मोबाइल वाजला. नणंद, मंजिरी.

"वहिनी, दादानं डोळे उघडले! तुलाच शोधतोय गं... लवकर ये, प्लीज!"

"निघालेच!"

मी धावले. पडवी होती, फळी होती, माझे बूट होते. पुढची पायरी नव्हती. पाणी होतं... काळं, नजर पोचेल तिथवर. पायाखालच्या फळ्या डुलायला लागल्या. बुटांकडे हात नेला, की ते तेवढेच लांब जायचे. मोबाइल बंद पडला. कारिनबाईंना किती हाका मारल्या, त्याला गणतीच नाही.

किती काळ गेला, मला कळत नाही.

आज पडवीत काठी वाजली. यतीन! स्वतःच्या पायांवर उभा. केस पार पांढरे. त्यानं माझे बूट उचलून छातीशी धरले.

"निवू... आत आहेस?"

"घरी ने ते! आत येऊ नकोस रे... यतीन!"

त्याला ऐकू गेलं नाही. बूट त्यानं होते तिथेच ठेवले. मग दाराकडे बघत हात जोडले आणि वाकून स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

"खाली ठेव... खालीच ठेव ना रे!"

त्यानं खिशातून रुमाल काढला, आणि माझ्या बुटांशेजारची जागा नीट पुसून घेतली.