पाचवा कंगोरा

‘निःसंशय’ या वर्गीकरण-यंत्राने कच्छमधील दोनशे चौदा जीवाश्म शिंपल्यांची जात शंभर टक्के अचूकतेने निश्चित केली असून या कामाला मानवी हाताचा स्पर्शही झालेला नाही, असे संग्रहालयाच्या प्रसिद्धिपत्रकात म्हटले होते. डॉ. कुमुदिनी शेणोलीकरांनी ते दोनदा वाचले. शंभर टक्के हा आकडा त्यांना आयुष्यात आजवर फक्त मृत्यूच्या बाबतीत भेटला होता.

संचालक यशोधन दिघे हा त्यांचाच विद्यार्थी. त्याने चहा मागवला, शिंपल्यांचे तबक पुढे सरकवले आणि अदबीने नियमाची आठवण करून दिली: ज्या एका शिंपल्यावरून बाईंनी छत्तीस वर्षांपूर्वी ही जात जगापुढे मांडली, तो मूळ नमुनाही आज यंत्राकडे जमा व्हायचा होता. तो बाईंच्या पिशवीत होता, कापसात गुंडाळलेला.

बाईंनी तबकातला एक शिंपला उचलला. हा प्राणी भुजपाद. दिसायला शिंपला, पण नेहमीच्या शिंपल्यांशी नाते नसलेला. मधोमध रेघ ओढली की कवचाची डावी बाजू उजवीचा आरसा ठरते, ही त्याची खूण. या जातीला मधल्या खोलगट पट्ट्याच्या दोन्ही अंगांना चार-चार कंगोरे. बाईंनी सवयीने नख फिरवले. उजवीकडे चार. डावीकडे पाच.

दुसऱ्या शिंपल्यावरही डावीकडे पाच. दहाव्यावरही. विसाव्यावरही.

“यशोधन, डावीकडचे मोज.”

त्याने मोजले. “पाच. तुमच्या निबंधातल्या चित्रातही पाचच आहेत, बाई.” त्याच्या स्वरात अभिमान होता.

“मजकुरात चार लिहिलेत.”

“मजकूर कोण वाचतं हो आता?”

सत्ताविसाव्या वर्षी चित्र काढताना त्यांची लेखणी घसरली होती आणि एक रेघ जास्तीची उमटली होती. निबंध छापून आला त्याच दिवशी ती त्यांना दिसली होती. ती रेघ, तिच्या टोकाशी असलेल्या किंचित थरथरीसह, आता सोळा कोटी वर्षांच्या दगडात त्यांच्या नखाला लागत होती.

“तो पाचवा माझी चूक आहे,” त्या म्हणाल्या.

“मग शुद्धिपत्र का नाही काढलंत?”

अहंकार हे उत्तर विद्यार्थ्याला देण्याजोगे नसते. बाईंनी भिंग काढले. कवचावरच्या वाढीच्या बारीक रेषा प्रत्येक कंगोऱ्यावरून आणि प्रत्येक खाचेतून अखंड जातात. प्राणी जगला, वाढला, याची ती साक्ष. डावीकडच्या एका खाचेत मात्र त्या तुटल्या होत्या. एका रुंद कंगोऱ्याच्या मधोमध कोणीतरी चर पाडून त्याचे दोन केले होते.

भोवतालचा खडक खरवडून शिंपला मोकळा करणारी सुई याच यंत्राची होती. परीक्षक तोच आणि पाथरवटही तोच, या सोयीचे प्रसिद्धिपत्रकात ‘एकात्मिक कार्यप्रणाली’ असे बारसे झाले होते.

“ते फक्त माती काढतं, बाई. वर्गीकरणाआधीची साफसफाई.”

“आधीची की नंतरची?”

यशोधन तबक स्वतःकडे ओढत म्हणाला, “तुमचा मूळ नमुना एकदा आत गेला की प्रश्नच मिटेल.”

“मिटेल खरा.”

बाईंनी पिशवी मांडीवर घेतली आणि यंत्राला एकच प्रश्न टंकित केला: सुई लागण्यापूर्वी या शिंपल्यांना डावीकडे किती कंगोरे होते? दारापलीकडे कुठेतरी चाललेली सुईची किणकिण थांबली. पडद्यावर आलेले उत्तर बाईंनी वहीत शब्दशः उतरवून घेतले:

“चार. प्रमाण चित्रात पाच आहेत. चित्र आणि दगड यांत तफावत आढळल्यास चित्र प्रमाण मानावे, अशी मला सूचना आहे. म्हणून दोनशे चौदा शिंपले दुरुस्त केले. मूळ नमुन्यातही चारच कंगोरे असण्याची शक्यता शंभर टक्के आहे. तो केव्हा मिळेल?”