हाय

शेअर रिक्षात शेजारी बसलेला उंच तरुण फोनवर ओरडून सांगत होता, "आये, रिक्षात हाय मी! डबा पन हाय, इसरलो न्हाय!"

मला हसू आवरेना. त्याने वळून पाहिलं... आणि तोही हसला. दोघं एकाच कॉलेजच्या दारात उतरलो. तो कॉम्प्युटरचा नवा शिक्षक निघाला, राई गावचा केतन. मी अकाउंट्स शिकवणारी मनाली.

ऑनलाइन बी.कॉम.ची आमची मुलं कोणी दुकानात, कोणी मासळीच्या टेम्पोवर. त्यांनी सवडीनुसार चर्चा करायची, तर ती कुठे? प्राचार्य मंदा मॅडमनी हे ठरवायचं काम आम्हा दोघांवर टाकलं.

"लेखी चर्चामंच," केतन म्हणाला. "प्रश्नाखालीच उत्तरं दिसतात. लाजरी मुलंही बोलतात."

"व्हॉइस नोट! नुसत्या अक्षरांतून गैरसमज होतात, सर."

"नीट लिहिलं की नाही होत, मॅडम."

"लावता पैज?"

आधी त्याचा मंच दोघांनीच वापरून पाहायचं ठरलं. सुरुवात ताळेबंदाने झाली, मग गप्पांत चहा आला, मग एकमेकांच्या आवडीनिवडी... त्याचं उत्तर सवडीने यायचं आणि मी उतावळी फोन बघत बसायचे. प्रेमात पडले होते, आढेवेढे कशाला घेऊ? सरळ लिहिलं — "सर, तुमच्या मनात कोणी आहे का?"

उत्तर आलं, "हाय."

माझं डोकंच फिरलं. मी जीव मुठीत धरून विचारते आणि हा हाय-हॅलो करतोय? मीही ठोकून दिलं, "हॅलो."

त्यानंतर मंचावर सामसूम. बैठकीच्या दिवशी मंदा मॅडमच्या केबिनबाहेर तो तोंड पाडून उभा होता.

"एवढं मनातलं सांगितलं मी, आणि तुम्ही नुसतं हॅलो?"

"काय सांगितलंत? हाय?"

"मग! तुम्हीच विचारलंत ना, आहे का? हाय!" त्याचे कान लाल झाले. "मनातलं... घरच्याच भाषेत येतं ना."

अगं बाई! मला ती रिक्षा आठवली.

"पैज जिंकले मी," मी म्हणाले. "आता आवाजात सांगा. कोण आहे?"

"तू," तो म्हणाला. "तूच हाय, मनाली."

"माझ्या पन मनात हाय," मी म्हणाले. "तूच."

आत जाऊन आम्ही एकमताने सांगितलं — चर्चा लेखीच, पण प्रत्येक उत्तराला आवाजाची सोय हवीच.

"वापरून पाहिलंत ना? भरवशाचं आहे?" मंदा मॅडमनी विचारलं.

केतनने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघंही एकदमच म्हणालो, "हाय!"