सुमंतच्या पोवळ्याचा तुकडा

"आई, बादली मांडीवर घेऊन कुणी टॅक्सीत बसतं का? झाकण माझ्या बरगडीत रुततंय."

संहिता कुरकुरली. विमलाअक्काने बादली आणखी घट्ट धरली.

ही घटना खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या. विमलाअक्का माझी मावसजाऊ. आमच्यात गोष्टी फुगवून सांगायचं खातं माझ्याकडे आहे, तिच्याकडे नाही. तिने सांगितलं तेवढंच लिहितेय.

गेल्या मार्गशीर्षातला रविवार. टळटळीत दुपार. बेंगळुरू. भुताने यावं अशी ना वेळ, ना जागा. सिल्क बोर्ड चौकाच्या ट्रॅफिकमध्ये भूतसुद्धा अडकून पडेल.

तरी ते झालं...

विमलाअक्काचा मुलगा सुमंत, संहिताचा अण्णा. नोकरी एचएसआर लेआउटमध्ये, वेड समुद्राचं. चामराजपेटच्या घरात, हॉलमध्ये, त्याने खाऱ्या पाण्याची भलीमोठी काचेची टाकी केली होती. आत जिवंत पोवळी. अंगठीतला खडा नव्हे. फांद्या फुटणारी, टोकाटोकाला बारीक तोंडं उघडणारी पोवळी.

हा नाद असलेल्यांत एक रीत असते. आपलं पोवळं वाढलं की तुकडा मोडून मित्राला द्यायचा. आपलं मेलंच, तर त्याच्याकडून तुकडा परत मागायचा. सुमंतने हात सैल सोडून तुकडे वाटले होते.

त्या रविवारच्या वर्षभर आधी तो मुरुडेश्वरजवळ समुद्रात उतरला.

वर आला नाही.

सापडलाही नाही.

त्या दिवसापासून घरात एक शब्द बंद झाला. सगळी वाक्यं "सुमंत आला की..." अशी सुरू व्हायची. त्याचे वडील, हयवदनराव, रोज सकाळी त्याची स्कूटर चालू करून ठेवायचे. बॅटरी उतरायला नको.

आणि विमलाअक्का टाकी सांभाळायची. पाणी आटलं की वरून घालायची. आता आटतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून वरून साधं पाणी घालायचं असतं. तिला वाटलं, समुद्रातले जीव, त्यांना गोडं पाणी कसं चालेल? ती मायेने खारं पाणीच घालत राहिली.

सगळी पोवळी मेली.

"सुमंत आला की काय म्हणेल?" एवढंच तिच्या डोक्यात. त्याने वाटलेले तुकडे परत आणून टाकी होती तशी करायची, म्हणून ती बादली.

आधी जे. पी. नगर. सुमंतची मैत्रीण भव्या.

"बन्नी आंटी, या," म्हणत भव्याने दार उघडलं आणि दोघी मायलेकी जागीच थांबल्या. भिंतभर समुद्र! जांभळ्या फांद्या, हिरव्या चकत्या, झुलणारे गुलाबी झुपके. वर्षानुवर्षं वाढून एकमेकांच्या अंगाला लागलेलं सगळं.

"हे सुमंतचं. दिलं तेव्हा करंगळीएवढं होतं." आता ते परातीएवढं झालं होतं.

विमलाअक्का जवळ गेली.

पंपाची घरघर... थांबली.

पाणी वाहत होतं. दिवे चालू होते. फक्त आवाज नव्हता.

मग त्या पोवळ्याची मिटलेली तोंडं उघडली... सगळी एकदम. प्रवाह डावीकडून उजवीकडे होता. ती मात्र कलली विमलाअक्काकडे.

विमलाअक्का दोन पावलं बाजूला सरली.

तोंडंही तिकडे वळली...

"पंपाचं स्वल्प काहीतरी होतं हल्ली," भव्या म्हणाली. टाकीकडे न बघता. तिने घाईने तुकडा कापला आणि पाण्यासकट बादलीत ठेवला.

सिल्क बोर्डला गाडी अडकली. विमलाअक्काने सहज झाकण उचललं.

तुकडा पांढराफटक पडला होता. हाडासारखा.

"हिंदकळला असेल गं," संहिता म्हणाली. "नागराजकडचा घेऊ. अण्णा आला की..."

तिने वाक्य तिथेच सोडलं.

नागराज कोरमंगलात राहायचा. निपाणीचा मुलगा. त्या दिवशी सुमंतबरोबर बोटीवर होता.

"या की काकू. बसा की," तो म्हणाला. मान मात्र वर नाही.

त्याची टाकी भव्याच्या टाकीहून मोठी. मधोमध सुमंतचं पोवळं, झाडासारखं पसरलेलं. नागराज आत कात्री आणायला गेला.

कट्... कट्...

सुमंत पाण्यात हात घालण्याआधी बोटं मोडायचा. तसाच आवाज.

"आई, तू बोटं मोडलीस?"

"नाही."

कट्...

"एक कोळंबी असती काकू," नागराज आतून ओरडला. "चिमटा वाजवती. काच तडकल्यागत वाटतंय."

तो कात्री घेऊन बाहेर आला, आणि दारातच उभा राहिला.

"पण... माझ्याकडं ती कोळंबी न्हाई."

विमलाअक्काने बांगड्या वर सारल्या. कुणी अडवायच्या आत हात पाण्यात घातला. जेमतेम मनगटापर्यंत.

पाणी कोमट होतं.

मग एका जागी गार झालं...

तिच्या तळव्यात एक तळवा आला. बोटं आली. तर्जनीचं पेर वाकडं. लहानपणी दारात चेंगरलेलं, तेच.

त्याने तिचा हात धरला. थोडा वेळ.

मग हळूच वर ढकलला. पाण्याबाहेर.

तिने पुन्हा घातला. त्याने पुन्हा ढकलला. जोर नाही, राग नाही. पोट भरल्यावर आपण पानावर हात आडवा धरतो ना, तसा.

तिसऱ्यांदा हात घातला, तर नुसतं पाणी होतं.

नागराजने नंतर अख्खी टाकी उपसून पाहिली. काही मिळालं नाही. विमलाअक्काच्या हातावर मात्र मीठ वाळलं होतं... पाच बोटांच्या आकारात. संहितानेही पाहिलं. ते केव्हाच धुतलं गेलं. पण आजही विमलाअक्का चहाचा कप पुढे करते, तेव्हा तिच्या बोटांना माझी बोटं लागू नयेत म्हणून मी जपते. तिच्या ते लक्षात येतं.

तर नागराज कात्री घेऊन उभा होता.

"काकू... कापू?"

विमलाअक्काने बांगड्या खाली सारल्या.

"नको रे. राहू दे तुझ्याकडे. छान वाढलंय."

"आई, मग टाकीचं काय? अण्णा आला की..."

विमलाअक्का लेकीकडे वळली. तिच्या गालावर ओला हात ठेवला.

"सुमंत मेला गं, बाळा. चल. घरी जाऊन ह्यांना सांगायचंय."